सवतीचा टाक

गोदाक्कांनी बसच्या काचेवर धरलेली वाफ पदराच्या टोकानं पुसली, पण बाहेर राणीचा वाडा दिसतोय का ते न बघता पुढच्या सीटवर बसलेल्या सुनेचा अंबाडा बघत राहिल्या. या सहलीतून त्यांना एकच गोष्ट मिळवायची होती आणि ती विलायतेतल्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हती: विजयमालाच्या तोंडचा 'बरं' एवढा एक शब्द. तो मिळाला की दिवाळीनंतर घरात दुसरी सून येणार होती, दुसरी सून आली की नातू, आणि नातू आला की उंब्रजच्या घराला, ट्रकांना आणि लालासाहेबांच्या नावाला पुढं धनी. एका शब्दाच्या बदल्यात एवढं सगळं म्हणजे सौदा वाईट नव्हता. शब्द फक्त दुसऱ्याचा होता, एवढीच अडचण.

तो उंब्रजमध्येही मागता आला असता. पण उंब्रजहून सकाळी निघालेला माणूस न्याहारीला कुंडलला पोचतो, आणि कुंडलला विजयमालाचा भाऊ आप्पासो राहत होता, ज्याला बोलण्याआधी हात उचलायची सवय होती. लंडनला आप्पासो नव्हता. लंडनला रडून दाखवायला शेजारीण नव्हती, रुसून जायला माहेर नव्हतं. हा विचार गोदाक्कांचा. लालासाहेबांनी फक्त पुण्याच्या एका सहल कंपनीत तीन माणसांची नावं घातली. तिन्ही मुलींना मागं ठेवून, अर्थातच. मुलींच्या देखत मुलगा मागायचा तरी कसा?

लालासाहेबांचे उसाच्या वाहतुकीचे ट्रक होते. बाजार समितीच्या सभेत ते माइकशिवाय बोलत आणि मागच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूस दचकून जागा होई. बायकोशी हे बोलायला मात्र त्यांनी आईला पुढं केलं होतं. कायद्यानं दुसरं लग्न होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. घरातल्या बाईनं तोंड उघडलं नाही तर कायद्याला बोलवायला कुणी जात नाही, हेही ठाऊक होतं. कवठे महांकाळकडची एक मुलगी बघून झाली होती. चार बहिणींतली थोरली, बावीस वर्षांची, अंगानं दणकट. गोदाक्का स्वतः जाऊन तिच्या ओटीत साडी घालून आल्या होत्या.

बस थांबली. सहलीचा म्होरक्या पुष्कर, वाईचा पोरगेला तरुण, छत्री उंच धरून खाली उतरला.

"मंडळी, समोर राणीसाहेबांचा राजवाडा. वर झेंडा नाही, म्हणजे राणीसाहेब आज घरात नाहीत."

"घरधनीण न्हाई?" गोदाक्का पायरीवरच थबकल्या. "मग कुणाकडं आलोय आपुन?"

"कुणाकडंच नाही, आजी. बाहेरूनच बघायचं."

"दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हाऊन फोटू काढायचा, आन् पाणी बी न इचारता माघारी?"

"त्याचेच तर पैसे दिलेत, आक्का," मागून सांगलीचे अण्णा म्हणाले. अण्णांची हळदीची पेढी होती आणि सहलीला आल्यापासून प्रत्येक गोष्ट महाग पडली असं म्हणत त्यांनी सगळ्यात जास्त खरेदी केली होती.

लालासाहेबांनी कॅमेरा पुष्करच्या हातात दिला. हा फोटो बाजार समितीच्या निवडणुकीआधी सातारच्या पेपरात छापून आणायचा होता. सोनेरी टोकांच्या फाटकासमोर मधोमध ते, उजवीकडे आई, डावीकडे बायको. पण पुष्करनं डोळा मिटला त्याच क्षणी त्यांना सवयीनं काहीतरी आठवलं. ते वाकले, आईच्या पायांना हात लावला आणि उठताना तिच्या गळ्यातल्या टाकाला बोट टेकवून ते बोट कपाळाला लावलं. तेवढ्यात खटका दाबला गेला. शेजारच्या दोन जपानी बायकांनीही फोटो काढून घेतला.

"आई, आज बोल," ते हळूच म्हणाले. "परवा माघारी जायचं हाय."

"व्हय रं. मला घाई करू नगंस."

तो टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. त्यावर एका बाईची उभी आकृती ठोकून काढली होती. नाकडोळे झिजून गेले होते, पदर तेवढा ओळखू येत होता. ती बाई म्हणजे रंगूबाई, गोदाक्कांची थोरली सवत. रंगूबाईला मूल झालं नाही म्हणून गोदाक्का त्या घरात आल्या, लालाला जन्म दिला. लाला रांगायला लागला तेव्हा रंगूबाई गेली आणि महिन्याच्या आत पोर तापानं फणफणलं. गुरवानं सांगितलं, थोरलीचा जीव पोराभोवती घुटमळतोय, तिला गळ्यात धरा. कराडच्या सोनारानं टाक करून दिला. ताप उतरला. तेव्हापासून गळ्यातला टाक म्हणजे लालाची राखण. दहावीचा पेपर असो, पहिला ट्रक असो, निवडणुकीचा अर्ज असो, टाकाला बोट लावल्याशिवाय लालासाहेब उंबरा ओलांडत नसत. नवरा गेला तेव्हा गोदाक्कांचं मंगळसूत्र उतरलं. सवत राहिली.

दुपारी बस नदीकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी आली. जाड तटबंदी, आत हिरवळ, हिरवळीवर कोंबड्यांएवढे काळेभोर कावळे. हिऱ्यामोत्यांच्या मुकुटांसाठी वेगळी रांग होती. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून सगळ्यांनी कोहिनूर पाहिला. गोदाक्कांना तो गारगोटीएवढा वाटला. लालासाहेबांचं एकदा बघून समाधान झालं नाही. ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. बाकीच्यांना पुष्करनं हिरवळीच्या कडेला नेलं. तिथं साखळीनं वेढलेला फरसबंदीचा एक लहान चौकोन होता, आपल्याकडं तुळशीकट्ट्याभोवती असावा एवढा. त्यात एक पाटी.

"इथं राणीचं डोकं उडवलं," पुष्कर म्हणाला.

गोदाक्का साखळीला टेकून उभ्या होत्या. त्या झटक्यानं मागं सरल्या.

"कुणी? शत्रूनं?"

"नाही आजी. राजानं. तिच्या नवऱ्यानं."

"सोत्ताच्या नवऱ्यानं?"

"सोत्ताच्या. आठवा हेन्री म्हणून राजा होता. पहिल्या बायकोला मुलगीच झाली, मुलगा जगला नाही, म्हणून तिला बाजूला सारलं आणि ही दुसरी आणली. हिलाही मुलगीच झाली. मग हिच्यावर नाही नाही ते आळ घेतले, या किल्ल्यात कोंडली आणि इथं मारली. एवढं केलं, की कुऱ्हाडीनं हाल होतात म्हणून समुद्रापलीकडून तलवारीचा तरबेज माणूस बोलावला. एका घावात."

एक कावळा चौकोनात उतरला आणि पाटीवर चोच घासू लागला.

"शवपेटी करायचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही," पुष्करला आपल्या गोष्टीचा परिणाम झालेला दिसला तसा त्याचा आवाज खाली आला. "मग बाण ठेवायच्या लाकडी पेटीत घातली आणि समोरच्या त्या देवळात पुरली. राजानं पंधरा दिवसांच्या आत तिसरं लग्न केलं."

गोदाक्कांचा हात गळ्याशी गेला होता. त्यांनी विचारलं,

"मग तिसरीनं टाक घातला का?"

"काय घातला?"

"टाक. मेलेल्या सवतीचा. गळ्यात."

पुष्करला कळेना. अण्णांनी हसत हसत त्याला समजावून सांगितलं आणि वर विचारलं, "एकूण किती केल्या रं राजानं?"

"सहा. शेवटची आली तोवर चौघी गेल्या होत्या."

"म्हंजे शेवटचीच्या गळ्यात चार टाक! ती राणी न्हवं गड्या, चालता देव्हाराच म्हणायचा."

सगळे मोकळे हसले. इतका वेळ अंगावर आलेलं काहीतरी झटकायला त्यांना निमित्त हवंच होतं. पुष्करही हसला आणि म्हणाला, "नाही आजी, इथं तशी पद्धत नाही."

"मेल्यावर तिची दहशत न्हाई वाटली कुणाला?"

"राजाला कसली दहशत?"

माणसं चहाच्या टपरीकडे पांगली. गोदाक्का शेजारच्या बाकावर बसल्या. गुडघे दुखत होते म्हणून, असं त्या स्वतःला म्हणाल्या. विजयमाला त्यांच्यासाठी कागदी पेल्यात चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. अडतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी बाई. साडीवर तिनं लालासाहेबांचा जुना स्वेटर घातला होता. मुद्दाम शोधूनही यापेक्षा चांगली जागा सापडली नसती. लालासाहेब दूर रांगेत होते, सहलीची माणसं चहात होती. गोदाक्कांनी घोट घेतला आणि घसा साफ केला.

"विजे, तुला एक सांगायचं व्हतं."

"कवठ्याचं न्हवं?"

चहा गोदाक्कांच्या हातावर सांडला. चांगला कढत होता, पण त्यांनी हात हलवला नाही.

"तुला कुणी…"

"कराडच्या दुकानातला माणूस इचारत व्हता. म्हणला, वैनी, कवठ्याच्या पावण्यांना साडीचा रंग आवडला का? मी म्हटलं, आवडला."

"कवा?"

"श्रावणाच्या आधी."

गोदाक्कांनी मनात महिने मोजले. म्हणजे तिकिटं काढली तेव्हा हिला ठाऊक होतं. बॅगा भरताना ठाऊक होतं. विमानात खिडकीची जागा सासूला देताना ठाऊक होतं. एवढे दिवस आपण हिच्या तोंडाकडं बघून वेळ साधत होतो आणि ही आपल्या तोंडाकडं बघून.

"मग आलीस कशाला?"

"तुमी कुठं मागताय ते बघायला," विजयमाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुधाचा हिशेब सांगावा तसं ती सांगत होती. "घरात मागितलं आसतं, तर घरचं म्हणून मागितलं आसं म्हटलं आसतं. एवढं लांब आणलंसा, म्हंजे मला भ्यालायसा. तेवढंच बरं वाटलं."

"विजे…"

"मागा की आत्याबाई. मी न्हाई म्हणायची न्हाई. तीन पोरी हाईत. त्यास्नी घेऊन भावाच्या दारात जाऊ? ऱ्हाईन मागल्या खोलीत. 'बरं'च म्हणीन."

शब्द आला होता. इतका सहज, की गोदाक्कांना तो हातात घ्यावा कसा ते कळेना. एवढ्यासाठी समुद्र ओलांडला होता आणि तो बाकावर दोघींच्या मधे, चहाच्या पेल्याशेजारी पडला होता. नुसतं उचलायचं होतं.

विजयमाला सासूच्या गळ्यातल्या टाकाकडे बघत होती.

"त्यांनी बी न्हाई म्हटलं नव्हतं, न्हवं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "माझा टाक करायला लागंल का वो, आत्याबाई? का मी जित्ती हाय तवर नको?"

मग ती उठली, रिकामे पेले घेतले आणि कचऱ्याचा डबा शोधत टपरीकडे गेली.

गोदाक्का बसून राहिल्या. समोर तो चौकोन होता आणि माणसं त्याच्याजवळ येऊन पाटी वाचून, हळहळून, आइस्क्रीम चाटत पुढं जात होती.

रंगूबाईला कुणी मारलं नव्हतं. चौदा वर्षांची गोदा त्या घरात आली तेव्हा आरतीचं ताट घेऊन दारात रंगूबाईच उभी होती. जित्तेपणी तिच्या टाकाचा प्रश्नच नव्हता. टाक नंतर करावा लागला. तिनंच भांड्यांच्या जागा दाखवल्या, सासऱ्याच्या ताकात मीठ घालायचं नाही हे शिकवलं. लालाच्या बारशाला आलेल्या बायकांच्या नजरेला पडू नये म्हणून तिला मागं परड्यात बसवलं होतं. ती बसली. त्यानंतर तिचं जेवण कमी होत गेलं. वाढायला गेलं की ती म्हणायची, 'अर्धीच घाल, गोदे.' मग चतकोर. वैद्य म्हणाला, अंगात रक्त नाही. घर म्हणालं, ताप. तिच्यासाठी समुद्रापलीकडून कुणाला बोलवावं लागलं नाही; ते काम घरातल्या घरात झालं. आणि ती अर्धी म्हणाली तेव्हा गोदाक्कांनी एकदाही पुरी भाकरी वाढली नव्हती.

त्या उठल्या. मानेमागची गाठ सोडायला बोटं वळेनात. दोरा जुना, घामानं घट्ट झालेला. शेवटी त्यांनी तो डोक्यावरूनच ओढून काढला, अंबाडा सुटला. साखळीशी जाऊन त्या वाकल्या आणि टाक फरशीवर, पाटीच्या कडेला ठेवला.

"रंगू," त्या पुटपुटल्या, "हितं तुझ्यासारख्याच हाईत. सोबत व्हईल."

त्या वळून चार पावलं चालल्या असतील, तोच मागून कुणीतरी हाक मारली. निळ्या-तांबड्या अंगरख्यातला, पांढऱ्या दाढीचा पहारेकरी लगबगीनं त्यांच्याकडे येत होता. त्यानं तळहात पुढं केला. तळहातावर टाक होता, दोरा नीट गुंडाळलेला. तो काहीतरी आर्जवानं बोलला. 'मॅडम' तेवढं त्यांना कळलं. या बाईचा दागिना पडला, तो आपण वेळेवर बघितला याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

गोदाक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढं केला. रंगूबाई परत आली.

तो गळ्यात घालायला पुन्हा हात उचलेना. त्यांनी कमरेची चंची काढली, सुपारीच्या खांडांत टाक ठेवला, चंचीचा बंद आवळला. मान वर केली तेव्हा टपरीपाशी विजयमाला उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आली, सासूचा सुटलेला अंबाडा बांधून दिला आणि दोघी बसकडे चालू लागल्या.

तिसरा थांबा त्याच राजाच्या नदीकाठच्या महालात होता. तांबड्या विटांचा, धुराड्यांचं रान असलेला. लालासाहेब खुशीत होते. त्यांना वाटत होतं काम झालं. आईनं अंगाभोवती शाल गच्च लपेटून घेतली होती, त्यामुळं गळा दिसत नव्हता. एका लांब दालनात पुष्करनं सगळ्यांना मोठ्या चित्रापुढं उभं केलं.

"मधे राजा. त्याच्या गुडघ्याशी मुलगा. तिसरीपासून शेवटी झाला तो. शेजारी बसलीय ती तिसरी राणी. गंमत अशी की चित्र काढलं तेव्हा ती मरून आठ-नऊ वर्षं झाली होती. मुलगा देऊन बाळंतपणातच गेली."

"मग तवा जित्ती कोण व्हती?" गोदाक्कांनी विचारलं.

"सहावी."

"ती कुठाय?"

"ती चित्रात नाही, आजी."

गोदाक्का चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मेलेली बाई मांडीवर हात ठेवून व्यवस्थित बसली होती, तिच्या अंगावर सोनं होतं. आणि चित्राच्या दोन्ही कडांना, खांबांच्या पलीकडं, दोन मुली उभ्या होत्या. मधल्या माणसांशी आपला संबंध नाही अशा.

"या पोरी कुणाच्या?"

"डावीकडची पहिलीची. उजवीकडची, जिची जागा आपण दुपारी बघून आलो, तिची. तिच्या गळ्यात आईच्या नावाचं अक्षर आहे असं सांगतात. मला अजून कधी ओळखता आलं नाही."

मोतीबिंदूच्या डोळ्यांनी गोदाक्का त्या पोरीच्या गळ्याकडे बघत राहिल्या. लाल केसांची, ओठ मिटलेली पोर. घरी मयूरी अशीच उभी राहते, त्यांना वाटलं. थोरली नात, फोटोत कायम कडेला.

"आन् पोराचं काय झालं? एवढं करून झालेल्या?"

"पंधराव्या वर्षी गेला. मग ही डावीकडची बसली गादीवर, पण थोडी वर्षं. मग ही उजवीकडची. चाळीसच्या वर वर्षं राज्य केलं तिनं. तिच्यासारखं कुणी केलं नाही म्हणतात."

"म्हंजे सगळा खर्च फुकट," अण्णा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बसची वाट बघत सगळे नदीकडच्या कट्ट्यावर बसले होते. ऊन पडलं होतं, बदकं काठाशी आली होती. विजयमाला त्यांना बिस्किटाचा चुरा टाकत होती. लालासाहेब आईजवळ येऊन बसले.

"बोललीस?"

"बोलले."

"मग? काय म्हणाली?"

गोदाक्कांनी सुनेकडं पाहिलं. ती चार हातांवर होती, ऐकू जाण्याइतकी जवळ. तिचा हात क्षणभर थांबला. एक शब्द सांगायचा होता, खरा शब्द, आणि तो सांगितला की सगळं ठरल्याप्रमाणं होणार होतं.

"थांब, आधी पाया पडतो," लालासाहेब आनंदानं म्हणाले. आईचं गप्प राहणं त्यांनी होकार धरलं होतं. ते वाकले आणि उठताना सवयीनं त्यांचं बोट आईच्या गळ्याकडे गेलं. शाल सरकली. बोट तसंच हवेत राहिलं.

जन्मात त्यांनी आईचा गळा मोकळा पाहिला नव्हता. दोऱ्याच्या जागी कातडीवर पांढरा पट्टा होता.

"आई, टाक?"

"ठेवला."

"कुठं ठेवला?"

"त्या किल्ल्यात. राणीला मारली तितं."

लालासाहेबांचा चेहरा उतरला. माइकशिवाय बोलणाऱ्या माणसाला आवाजच फुटेना.

"आगं पर… ती… मग आता?"

"आता काय? रंगूला म्हटलं, बाई, चाळीस वरसांवर मी तुला धरून ठिवली. आता माझं वय झालं. आता तू मोकळी. त्या घरात पुन्यांदा सवत आली, तर तुझं तू बघ."

"आई!"

"मी काय करू? ती काय माझं ऐकती?"

लालासाहेब ताडकन उठले. "पुष्कर! आरं पुष्कर, बस त्या किल्ल्याकडं फिरवायला सांग. आमची वस्तू ऱ्हायलीया."

"साहेब, तो आता बंद झाला. आणि वाट उलटी आहे."

लालासाहेब उभ्या उभ्या इकडंतिकडं बघू लागले. मग त्यांचं लक्ष बायकोकडं गेलं. आई म्हातारी झाली, तिला काय आठवतंय, काय नाही. ही मात्र खोटं बोलत नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या संसारात पुरतं माहीत होतं.

"विजे, तू व्हतीस न्हवं संगं? खरंच ठिवला हिनं?"

गोदाक्कांनी चंचीवर हात ठेवला. सुपारीची खांडं आत सरकली.

विजयमालानं उरलेला चुरा पाण्यात झटकला. बदकांनी एकच गर्दी केली.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या म्होरंच ठिवला."

यात खोटं काहीच नव्हतं. पुढचं तिला कुणी विचारलं नव्हतं.

लालासाहेब कट्ट्यावर बसले. बराच वेळ ते आपल्या बोटाकडं बघत होते. मग त्यांनी पुष्करला हाक मारली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं,

"हॉटेलातनं कवठे महांकाळला फोन लागंल का रं? आजच लावायला पायजे."

बस आली. गोदाक्का खिडकीशी बसल्या; या खेपेला विजयमाला त्यांच्या शेजारी. दिवसाचा हिशेब तसा सरळ होता. लालासाहेबांनी तिकिटांचे पैसे भरले आणि बदल्यात त्यांना राजवाड्यासमोरचा फोटो मिळाला, ज्यात त्यांची वाकलेली पाठ तेवढी येणार होती. कवठ्याच्या पोरीला एक साडी राहिली. विजयमालाला घर मिळालं, जे आधीपासून तिचंच होतं. गोदाक्कांना उरलेला जन्म मोकळ्या गळ्यानं, लेकाच्या भेदरलेल्या नजरेसमोर काढायचा होता. तो सौदा त्यांनी महाग धरला नाही. आणि चंचीत, सुपारीच्या खांडांत, उंब्रजला परत निघालेली रंगूबाई होती. जिनं जित्तेपणी भाकरीचा तुकडासुद्धा मोठ्यानं मागितला नव्हता, तिची आज हडळ झाली होती, दुसऱ्या एका बाईचं घर राखायला. याही वेळी तिला कुणी विचारलं नाही. याही वेळी मोल तिनंच भरलं.